फॉर्म आणि सभा

पुणे महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी मी एक काम सुचवलं: चौकातल्या बसथांब्यापाशी बाकडं. मोबाईलवर, दोन मिनिटांत. नागरिकांना कामं सुचवायची ही सोय पुण्यात २००६ पासून आहे.

मूळ कल्पना ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराची, १९८९ची. तिथे मात्र सभा भरायच्या. वस्तीतली माणसं जमून आधी गटारं की आधी रस्ता यावर भांडायची, मग आपले प्रतिनिधी निवडायची. ते प्रतिनिधी पुढे वर्षभर पालिकेच्या मागे लागायचे.

आपण नेमकं ते भांडणच गाळलं. (युजरला त्रास कमी हवा, हे इंजिनियर म्हणून मलाही पटतं.) शेजारच्या आजींना बाकड्याआधी तिथे दिवा हवा होता, हे मला फॉर्म भरून झाल्यावर जिन्यात कळलं.