क्रकचव्यवहार व लाकडाचा भुसा

लाकडाचा भुसा हा विषय इतिहासविषयक त्रैमासिकांत येण्याजोगा नव्हे, असें पुष्कळ वाचकांस प्रथमदर्शनीं वाटेल. परंतु लाकडाच्या चूर्णाचा कांहीं उपयोग होतो कीं काय, याचा जो शास्त्रीय शोध गेल्या अडीचशें वर्षांत झाला, त्याचा एक परिणाम आपल्या प्रत्येकाच्या कपाटांत येऊन बसला आहे. कोणतीं पत्रें टिकतील व कोणतीं पुस्तकें हातांत चुरा होतील, हें बऱ्याच अंशीं त्यावर ठरतें. शिवाय या विषयाचीं दोन टोकें आमच्या छावणींतून निघणाऱ्या एकाच रस्त्यावर सांपडतात.

छत्रपती संभाजीनगरची, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादची, छावणी सोडून पश्चिमेस निघालें म्हणजे प्रथम देवगिरीचा किल्ला लागतो. पुढें कागजीपुरा, खुलताबाद, वेरूळ, कन्नड हीं गांवें टाकून रस्ता औट्रम घाटानें खानदेशांत उतरतो. घाटाखालीं चाळीसगांवनजीक पाटण येथें डॉ. भाऊ दाजी यांनीं उजेडांत आणिलेला शिलालेख आहे. देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी चांगदेव यानें आपले आजोबा भास्कराचार्य यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला, व त्या मठास शके ११२८ मध्यें दानें मिळालीं, असें त्या लेखांत नमूद आहे. तेथें जे ग्रंथ पढविले जात त्यांत लीलावती असलीच पाहिजे. आणि लीलावतींत क्रकचव्यवहार या नांवाचें एक लहानसें प्रकरण आहे.

क्रकच म्हणजे करवत. (मराठी करवत हा शब्द मात्र क्रकचापासून नव्हे, करपत्र या शब्दापासून आला, आणि भुसा हा बुस शब्दाचा वंशज. बुस म्हणजे धान्याचें फोल, व अमरानें तो शब्द धान्याच्याच प्रकरणांत घातला आहे.) प्रकरणाचा विषय असा कीं, ओंडका कापणारांस मजुरी द्यावयाची ती कोणत्या मापानें? आचार्यांचें उदाहरण सोपें आहे. ओंडक्याची जाडी बुडाशीं २० अंगुळें, शेंड्याशीं १६ अंगुळें, लांबी १०० अंगुळें, आणि छेद चार. मध्यम जाडी १८. तिला लांबीनें व छेदांनीं गुणिलें म्हणजे ७२०० येतात. त्यांस ५७६ नीं, म्हणजे एका चौरस हाताच्या अंगुळांनीं, भागिलें असतां साडेबारा हात काम झालें. दर मात्र कारागिरांशीं ठरवून आणि लाकडाचा मऊपणा वा कठीणपणा पाहून द्यावा, असें पुढें सांगितलें आहे. हा व्यवहार पाहिलेल्या माणसाचा निर्णय आहे, नुसत्या पंडिताचा नव्हे.

आतां या हिशेबांत काय नाहीं तें पाहावें. ओंडक्याची रुंदी दिलेली नाहीं, कारण तिची गरजच नाहीं. मजुरी कापलेल्या पृष्ठाची, लाकडाच्या घनफळाची नव्हे. त्याचप्रमाणें करवतीच्या पात्यानें खाल्लेल्या लाकडाचेंही माप नाहीं. प्रत्येक छेदाची जाडी पाव अंगूळ धरिली तर चार छेदांत १८०० घनांगुळें लाकूड चूर्ण होऊन खालीं पडतें, म्हणजे एका घनहस्ताच्या अष्टमांशाहून किंचित् अधिक. तें ना मालकाच्या जमेस, ना कारागिराच्या. आचार्यांची ही चूक नव्हे. हातकरवतीखालीं पडणारा भुसा इतका थोडा, कीं सोनारानें रिठ्यांत धुतलेले दागिने कोरडे करण्यासाठीं नेला, कोणी ओली जमीन झाडण्यासाठीं नेला, कीं संपला. आमच्या लहानपणीं भुशाची शेगडी घरोघर होती. पत्र्याच्या डब्यांत मधोमध बाटली उभी धरून भोंवतीं भुसा ठासावयाचा, बाटली हलकेच उपसावयाची, आणि खालच्या भोंकांतून जाळ लावावयाचा; धूर न होतां तो तासन् तास धुमसत राही. यांत हवेचा मार्ग व इंधनाचा दाब यांचें जें शास्त्र आहे तें कोणत्याही ग्रंथांत शिकून कोणी केलेलें नव्हतें.

भुसा हा प्रश्न झाला तो पाण्यावर व वाफेवर चालणाऱ्या करवतींमुळें. अमेरिकेच्या ईशान्येस गिरण्यांखालीं त्याचे डोंगर सांचले आणि नद्या तुंबूं लागल्या. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्यानें तेथील तळ्यांतील बर्फ भुशांत बांधून उष्ण देशांस धाडिलें. १८३३ सालीं बोस्टनहून निघालेल्या जहाजांतील सुमारें १८० टनांपैकीं १०० टनांच्या आसपास बर्फ चार महिन्यांच्या प्रवासानंतर कलकत्त्यास शाबूत उतरलें. पुढील वर्षीं तें मुंबईसही पोंचलें. भुशाच्या कणांत अडकलेली हवा उष्णता आंत येऊं देत नाहीं, हा पुरावा त्या काळच्या कोणत्याही प्रयोगशाळेहून मोठा होता. बर्फाचीं यंत्रें आल्यावर तो व्यापार बुडाला. गोणपाटाखालीं भुशांत झांकलेली बर्फाची लादी मात्र बाजारांत पुढेंही पुष्कळ वर्षें दिसत असे.

रसायनशास्त्रज्ञांनीं या चूर्णाचा वेगळाच उपयोग शोधिला. गे-ल्यूसॅक यानें १८२९ सालीं दाखविलें कीं, लाकडाचा भुसा दाहक पोटॅशसह तापविला असतां ऑक्झॅलिक आम्ल मिळतें; पुढें मँचेस्टर येथें त्याचा कारखानाच निघाला. हें आम्ल लोहयुक्त शाईचे डाग नाहींसे करितें. हस्तलिखितांच्या व्यवहारांत ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. आपल्या जुन्या दप्तरांतील काजळाच्या शाईस त्यापासून भय नाहीं, कारण काजळ म्हणजे शुद्ध कोळसा. परंतु लोहयुक्त शाईचा लेख असेल तेथें डाग काढण्याच्या नादीं लागणारा मनुष्य डागाबरोबर अक्षरही घालवील.

तथापि आपल्याशीं खरा संबंध आहे तो कागदाचा. युरोपांत चिंध्यांचा तुटवडा पडल्यामुळें रेगेन्सबुर्गच्या शेफर नामक पाद्र्यानें १७६५ पासून नाना वनस्पतींचे, लाकडाचे, फार काय गांधीलमाशीच्या घरट्याचेही, कागद करून त्यांचे नमुने आपल्या ग्रंथांत लाविले. १८४० नंतरच्या दशकांत केलर या जर्मन कारागिरानें ओलें लाकूड दगडावर घांसून त्याचा लगदा केला, आणि स्वस्त कागदाचें युग सुरू झालें. हा लगदा म्हणजे करवतीचा भुसा नव्हे; पण लाकडाचें चूर्ण करून त्यांतील बरें-वाईट सर्व कागदांत ठेवावयाचें, ही कल्पना एकच. लाकडांतील तंतूंना बांधणारें लिग्निन कागदांत राहतें आणि उजेडानें व हवेनें पिवळें पडतें. त्यांत तुरटी व राळ यांची खळ मिळाली म्हणजे आम्ल वाढून तंतू तुटूं लागतात.

याउलट कागजीपुऱ्याचें काम पाहावें. मुहम्मद तुघलकानें १३२७ सालीं राजधानी दौलताबादेस आणिली तेव्हांपासून तेथें कागदी लोक वसले, अशी परंपरा सांगतात. त्यांचा माल म्हणजे चिंध्या, ताग, जुने दोर. ते चुन्यांत भिजवावयाचे, कुटावयाचे, धुवावयाचे. हौदांतून चाळणीवर ताव उचलावयाचा, भिंतीवर वाळवावयाचा, पिठाची खळ देऊन दगडानें घोटावयाचा. या कागदांत लिग्निन नाहींच म्हटलें तरी चालेल, आणि चुन्याचा अंश राहिला असेल तर तो पुढें उपजणाऱ्या आम्लास मारीत बसतो. अमेरिकेंत रिचमंड येथील विल्यम बॅरो यानें विसाव्या शतकाच्या मध्यास जुन्या कागदांची परीक्षा करून आम्ल हेंच त्यांच्या नाशाचें मुख्य कारण ठरविलें व उपाय शोधिला. तो उपाय म्हणजे कागद प्रथम चुन्याच्या निवळींत व मग दुसऱ्या चुनायुक्त द्रवांत बुडविणें. कागजीपुऱ्याच्या हौदांतील चुना असा फिरून प्रयोगशाळेंतून परत आला.

परिणाम डोळ्यांसमोर आहे. राजवाड्यांनीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड १८९८ सालीं काढिला. आमच्याजवळील त्या जुन्या खंडांचीं पानें उलटतांना कोपरे तुटून हातांत येतात; आणि त्यांहून दीडशें वर्षांनीं वडील असलेलीं मोडी पत्रें घडी उलगडतांच वाळूचे कण झाडून सरळ होतात. प्रत मरावी आणि मूळ जगावें असा हा उलटा प्रकार आहे. म्हणून छापील साधन हातीं आहे, सबब मूळ रुमाल गेला तरी चालेल, असें म्हणणाऱ्यांशीं आमचा तीव्र विरोध आहे.

कित्येक संग्राहक पेटींत दमट लागूं नये म्हणून भुशाच्या पुरचुंड्या ठेवितात. तें करूं नये. भुसा जितक्या सहज ओल ओढतो तितक्याच सहज ती परत सोडतो, किडीस आश्रय देतो, आणि त्यांतून आम्लाची वाफ निघते. धुतलेल्या सुती कापडाचा रुमाल व वेखंडाचे तुकडे हीच जुनी व्यवस्था अधिक शहाणपणाची आहे.

भुशावरील शोध अद्याप संपलेला नाहीं. हिसार येथील संशोधकांनीं २००३ मध्यें शिसूच्या भुशावर आम्लाची प्रक्रिया करून तो रंगाच्या सांडपाण्यांतील रंग ओढून घेतो असें दाखविलें. बेकलाइटमध्यें लाकडाचें पीठ भरीस घालण्याची रीत तर शंभर वर्षांची झाली. वखारींतील भुसा आतां दाबून त्याच्या कांड्या करितात व पांढरा कोळसा म्हणून विकतात. म्हणजे जें चूर्ण लीलावतीच्या हिशेबांत कोणाचेंच नव्हतें त्यास आतां दर आला आहे.

वाडे, देवळें किंवा किल्ले यांच्या बांधकामाचे हिशेबी कागद ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांस एक विनंति आहे. करवतकामाची मजुरी हातांवर दिली कीं नगांवर, व भुसा कोणाच्या नांवें टाकिला, अशी नोंद दृष्टीस पडल्यास तिची नक्कल मित्ती व दप्तराचें नांव घालून या त्रैमासिकाकडे धाडावी.