बारा गाठींची गोधडी

आमच्या लोणी काळभोरात तुकोबारायांच्या पालखीचा मुक्काम असतो. पुणं सोडलं की सोलापूर रस्त्यानं पालखी पहिली आमच्याकडं उतरते, मग यवतला जाते. त्या रात्री घरोघर वारकरी असायचे आणि घरातल्या झाडून साऱ्या गोधड्या बाहेर निघायच्या. म्हणून आमच्याकडं गोधडी शिवायचं काम उन्हाळ्यातलं. रब्बीची ज्वारी घरात येऊन पडली, की बाया जुनेराची गाठोडी सोडायच्या.

साधी गोधडी म्हणजे जुन्या लुगड्यांचे थर, त्यावर ठिगळं, आणि काठाकडून आत आत येणारा धावदोरा. माझी आई मात्र नक्षीची गोधडी करायची. अर्ध्या फुटाचा एक चौकोन, कोपऱ्यातून कोपऱ्यात दोन रंगांचा, निम्मा गडद आणि निम्मा फिका. ९ चौकोनांची एक ओळ, अशा १२ ओळी. एकूण १०८. आई म्हणायची, "माळंत मणी तेवढं तुकडं." सगळे जागच्या जागी बसले, की एकात एक शंकरपाळ्या उमटायच्या. त्यातला एक जरी उलटा लागला, तरी सगळी नक्षी मोडायची.

आता विचार करा, ही बाई सलग बसून कधी शिवणार? खडकवासल्याच्या कालव्याचं पाणी सुटलं की शेतावर पळायचं. धार, भाकरी, पोरं, कोंबड्या, वरून उन्हाळ्याची वावटळ. मांडलेले तुकडे रोज उचलायला लागायचे. आईला अक्षरओळख नव्हती, सहीला अंगठा. मग १०८ तुकड्यांचा हिशोब ती कसा राखायची?

तिची रीत अशी. आधी सगळी नक्षी सारवलेल्या जमिनीवर मांडायची. मग एकेक ओळ उचलायची, नवव्या तुकड्यापासून पहिल्यापर्यंत, म्हणजे पहिला वर येतो. प्रत्येकाच्या डाव्या हाताच्या वरच्या कोपऱ्यातून दोरा ओवायचा. तुकडा कसाही फिरला तरी दोऱ्याचं भोक सांगतं, वरची बाजू कुठली. शेवटी दोऱ्याला गाठी. पहिल्या ओळीला एक, दुसरीला दोन, असं करत बाराव्या ओळीला बारा. बारा माळा गाठोड्यात टाकल्या, की वारा येवो नाहीतर पोरं नाचोत.

अंबाजोगाईचे दासोपंत सोळाव्या शतकातले. त्यांनी पंचीकरण लिहिलं ते सुमारे ४० फूट लांबीच्या पासोडीवर. ते विद्वान, त्यांच्या कापडाला इतिहासात जागा मिळाली, ते योग्यच. पण आमच्या आयाबायांनीही कापडावरच लिहिलं, फक्त अक्षरांशिवाय. सातबाऱ्यावर आमच्या आईचं नाव कधी लागलं नाही. तिचा उतारा गोधडीत.

तो वाचताही येतो. आईच्या जुन्या गोधड्यांत सुती लुगड्यांचे मऊ तुकडे, खणाच्या चोळ्या, वडलांच्या धोतराचं अस्तर. १९७२ च्या दुष्काळात एकही गोधडी झाली नाही. बाया खडी फोडायला जात होत्या, लुगडी अंगावरच विरली, गाठोड्यात पडायला उरलीच नाहीत. पुढं टेरिलीन नि नायलॉन आलं. आई त्याला नावं ठेवायची, सुई घसरते आणि कापड घाम पीत नाही म्हणून. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यानंतर कितीतरी गिरण्यांचे भोंगे परत वाजलेच नाहीत. आमच्या गाठोड्यातही गिरणीचं सुती कापड कमी कमी होत गेलं.

१९९६ च्या चैत्रात आई गेली. तिची शेवटची गोधडी अर्धवट राहिली होती. सात ओळी जोडलेल्या, बाकी गाठोड्यात. तेरावा झाल्यावर भावकीतल्या बाया म्हणाल्या, "तिचं कापड तिच्यामागं नदीला सोडा." आमच्या मंडळींनी आधी गाठोडं सोडून पाहिलं. आत पाच माळा होत्या. तिनं गाठी मोजल्या: आठ, नऊ, दहा, अकरा, बारा. आई हयातीत नक्षीच्या कामाला कुणाला हात लावू देत नसे, त्यामुळं ही गोधडी मंडळींनी कधी शिवलेली नव्हती. ती एवढंच म्हणाली, "आत्याबाईंनी समदं सांगून ठेवलंय," आणि गाठोडं उचलून आत गेली. पालखीच्या आधी गोधडी पुरी झाली. आठवी ओळ कुठून सुरू होते, ते आजही मला शोधून सापडत नाही.

आता बाजारात सोलापुरी चादर मिळते, ब्लँकेटं मिळतात. पुण्याची माणसं मात्र हातशिलाईची गोधडी मागत येतात, म्हणून आमची सून शिवायला बसते. ती तुकड्यांच्या मागं पेनानं आकडे घालते, मोबाईलवर फोटोही काढून ठेवते. मंडळींनी दाखवलेल्या गाठीही मारते. लाईट गेली तर आकडे दिसत नाहीत, गाठी बोटांना कळतात, असं तिचं म्हणणं.