मृगातल्या हिरव्या रेषेची कड

जानेवारीत रात्री नऊ-दहाला इथे छावणीतल्या एखाद्या मोकळ्या मैदानात उभं राहा. मृग चांगला वर आलेला असतो. बाणाच्या तीन ताऱ्यांखाली एक धुरकट ठिपका दिसेल, तो तेजोमेघ. दुर्बिणीतून तो मध्ये उजळ आणि कडेला विरत गेलेला दिसतो. देवयानीतला ‘मेघ’ही असाच, मध्ये उजळ, भोवती फिका. मग दोन्ही एकाच जातीचे का? नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या तेजावरून हे ठरेना.

ताऱ्यांची रासायनिक घडण आपल्याला कधीच कळणार नाही, असं तत्त्वज्ञ कोम्त 1835 मध्ये लिहून बसला होता. 1864 मध्ये विल्यम हगिन्सने कालेय तारकासमूहातल्या तेजोमेघाचा प्रकाश लोलकातून पाहिला. सलग पट्टा नाहीच, मोजक्या तेजस्वी रेषा! म्हणजे तो विरळ, तापलेला वायू. मृगातही तेच. देवयानीचा प्रकाश मात्र सगळ्या रंगांत पसरलेला. कारण ती ताऱ्यांची दीर्घिका आहे, हे पुढे कळलं.

आता त्या रेषांतली मुख्य हिरवी रेषा कशाची? नॉर्मन लॉकयर म्हणाले, मॅग्नेशियमची. तेजोमेघ म्हणजे उल्कांचे थवे. मॅग्नेशियमचा पट्टा एका कडेला धारदार आणि दुसरीकडे विरत जाणारा असतो. म्हणजे सगळा वाद एका बारीक रेषेतलं तेज कडेला कसं संपतं, यावर आला.

ते पुण्यात पाहिलं गेलं. कावसजी दादाभाई नायगमवाला कॉलेज ऑफ सायन्समध्ये प्राध्यापक होते. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून तिथे महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली होती. 1891 मध्ये त्यांनी नोंदवलं, की फट कमी-जास्त रुंद केली तरी रेषा दोन्ही कडांना धारदारच राहते. लॉकयर यांच्यासारख्या मोठ्या माणसाच्या मताविरुद्ध हे लिहिणं सोपं नव्हतं.

रेषा कशाची, हे मात्र त्यांना सांगता आलं नाही. ते 1927 मध्ये बोवेनने सांगितलं: दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची. तोवर पुण्याची वेधशाळा 1912 मध्ये बंद होऊन उपकरणं कोडाईकनालला गेली होती.

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. ‘नेति’ शिकवताना उपनिषदांकडे जायचो. आता वाटतं, या पुण्याच्या नोंदीकडेही जायला हवं होतं. ‘हे नव्हे’ एवढंच नीट पाहून सांगणं, हेही ज्ञानच आहे.