आठ मिलिव्होल्ट आणि दहा अँपिअरचा रिले

मागच्या वर्षी माझा तीन आठवड्यांचा डेटा फुकट गेला. भट्टीतल्या आठ थर्मोकपलचे सिग्नल आळीपाळीने एकाच मीटरला जोडायचे होते. मी बाजारात सहज मिळणारे निळे, १० अँपिअरचे रिले लावले. दहा अँपिअर झेपतात, तर आठेक मिलिव्होल्टचं काय, असा हिशोब. आधी सगळं छान चाललं, मग आकडे उड्या मारायला लागले. रिलेवर पेन्सिलीने टिचकी मारली की ताळ्यावर यायचे! हे का होतं ते समजायला मला थोडं मागे जावं लागलं. तुम्हीही या.

गंमत म्हणजे रिलेचा जन्मच क्षीण सिग्नलसाठी झाला. १८३५ च्या सुमारास प्रिन्स्टनमध्ये जोसेफ हेन्री यांनी लांब तारेतून आलेल्या दुबळ्या प्रवाहाने एक चुंबक चालवून दुसरं, दमदार सर्किट ताब्यात ठेवून दाखवलं. तारायंत्रात तेच झालं. 'रिले' हा शब्दही टप्प्यावर दमलेला घोडा सोडून ताजा घेण्याच्या पद्धतीतून आलेला. पण नीट पाहा: दुबळा होता तो कॉइलकडचा प्रवाह. संपर्काच्या बाजूला स्थानिक बॅटरीचा भरपूर प्रवाह होता.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये हे बदललं. आता माणसाचं बोलणंच संपर्कातून जायला लागलं, आणि ते फार नाजूक. चांदी उत्तम वाहक, पण देवघरातलं निरांजन काळं पडतं तसा तिच्यावर हवेतल्या गंधकाचा थर चढतो. मोठा प्रवाह तो थर फोडतो. मिलिव्होल्टच्या सिग्नलला ते जमत नाही. अशा सर्किटला अभियंते 'ड्राय' म्हणतात. मग पॅलेडियम आलं, सोनं आलं. संपर्काची पट्टी टोकाशी चिरून दोन केल्या, म्हणजे एकीखाली धूळ अडकली तरी दुसरी टेकते. १९३६ मध्ये बेल लॅब्जच्या वॉल्टर एलवुड यांनी तर रीड स्विच बनवला, म्हणजे संपर्कच काचेच्या नळीत बंद!

माझी चूक आता तुम्हाला दिसली असेल. डेटाशीटमध्ये मी कमाल भार वाचला होता, किमान भार नाही. पॉवर रिलेला तो बरेचदा ५ व्होल्टला १०० मिलिअँपिअर असतो. सोन्याचा मुलामा असलेल्या चांगल्या सिग्नल रिलेला १० मिलिव्होल्टला १० मायक्रोअँपिअर पुरतात. मात्र त्यावरून एकदा जरी मोठा भार चालवलात, तर ठिणगीने सोनं जळतं आणि तो रिले बारीक कामाला बाद होतो.

कॉइलही बघा. निळ्या रिलेची कॉइल ३६० मिलिवॉट खाते, सिग्नल रिलेची १४०, काहींची १००. माझ्यासाठी प्रश्न बॅटरीचा नव्हता, उष्णतेचा होता: कॉइल तापली की संपर्काच्या सांध्यांत स्वतःचेच काही मायक्रोव्होल्ट तयार होतात, आणि के-प्रकारच्या थर्मोकपलला एक अंश म्हणजे जेमतेम ४१ मायक्रोव्होल्ट. म्हणून शेवटी लॅचिंग रिले घेतले. एक झटका दिला की जागा बदलतात, मग वीज लागत नाही.

फक्त वीज गेली तरी ते होते तिथेच राहतात, हे लक्षात ठेवा. यंत्र सुरू होताना पहिली ओळ सगळे रिले रिसेट करणारी लिहा. (हो, हेही मी एकदा विसरलो होतो.)