कारणाचा रकाना

रत्नागिरीच्या वेड्यांच्या इस्पितळाची स्थापना १८८६ सालची. ब्रह्मदेशाच्या पदच्युत थिबा राजाला त्याच वर्षीं या गांवीं आणून ठेवण्यांत आलें. जगाच्या नजरेआड ठेवावयाच्या माणसांसाठीं हें बंदर सरकारला सोयीचें वाटत असावें. थिबाचा राजवाडा पाहावयास पुष्कळ लोक जातात, इस्पितळाच्या इतिहासाकडे सहसा कोणी वळत नाहीं. परंतु गांजानें वेड लागतें कीं काय, या जुन्या वादाचें मूळ शोधावयाचें तर अशाच इस्पितळांच्या दप्तरांत शिरावें लागतें.

१८५८ च्या कायद्याच्या अंमलांत वेडा मनुष्य इस्पितळांत पाठवितांना त्याच्याबरोबर एक वर्णनपत्रक जात असे. त्यांत वेडाच्या कारणाचा एक रकाना असे व तो बहुधा पोलीसच भरीत. रस्त्यावर सांपडलेल्या बैराग्याचें पूर्ववृत्त सांगणार कोण? ‘अज्ञात’ लिहावें तर वरिष्ठांना तें रुचत नसे; ‘गांजा’ लिहिलें कीं काम भागलें! डॉक्टर तोच शब्द वार्षिक तक्त्यांत उतरवीत, आणि तक्ता विलायतेस पोंचला कीं त्याचा पुरावा होई.

१८९३ सालीं पार्लमेंटांत प्रश्न निघाला व मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखालीं कमिशन नेमलें गेलें. १८९२ सालीं ब्रिटिश हिंदुस्थानांतील इस्पितळांत दाखल झालेल्या १३४४ वेड्यांपैकीं २२२ जणांच्या नांवापुढें गांजा, भांग किंवा चरस हें कारण होतें. कमिशननें त्यांच्या नातलगांकडे व गांवकऱ्यांकडे फिरून चौकशी करविली. कित्येकांचें वेड व्यसनाच्या आधींचें निघालें. शेवटीं ९८ प्रकरणें टिकलीं आणि त्यांतही ३७ जणांच्या बाबतींत दुसरीं कारणें मिसळलेलीं होतीं.

हा अहवाल म्हणजे गांजाची निर्दोष मुक्तता, असें हल्लीं सर्रास सांगितलें जातें. सांगणाऱ्यांनीं तो वाचला असेल असें वाटत नाहीं. बेताच्या सेवनानें मनास इजा होत नाहीं असें कमिशननें म्हटलें खरें. पण अतिरेकानें मुळांत दुर्बळ असलेलें मन अधिक ढळतें व प्रसंगीं वेडही लागतें, हेंही त्यानें मान्य केलें. १९८७ सालीं स्वीडनमधील सुमारें ४५००० लष्करभरतीच्या तरुणांची पंधरा वर्षांची पाहणी प्रसिद्ध झाली. पन्नासांहून अधिक वेळां गांजा ओढलेल्यांत स्किझोफ्रेनियाचें प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सहापट आढळलें. इतर कारणें वजा केल्यावर तें घटलें, पण नाहींसें झालें नाहीं. कोवळ्या वयांत, रोज आणि जहाल माल ओढणाराला धोका अधिक, हें पुढील संशोधनानें दाखविलें आहे.

कोणत्या वयापासून, माल कसा आणि किती दिवस, हे प्रश्न त्या एका रकान्यांत मावत नव्हते. आणि ज्या १२४ जणांच्या नांवापुढील ‘गांजा’ खोटा ठरला, ते वेडे तर होतेच. त्यांच्या दुःखाचें खरें कारण विचारण्याची निकड मात्र त्या एका शब्दानें संपविली होती.