बंगळूरूत घर बांधताय? अभियंत्याची नोंदणी आधी तपासा

कायदा काय सांगतो?
वास्तुविशारद अधिनियम, १९७२ नुसार वास्तुशास्त्र परिषदेकडे नोंदणी नसलेल्या व्यक्तीला ‘वास्तुविशारद’ म्हणवून घेता येत नाही. अभियंत्यांसाठी मात्र देशभर लागू असा कायदा नाही. स्वतःला ‘इंजिनिअर’ कोणीही म्हणवून घेऊ शकतो. म्हणून महानगरपालिकेकडील नोंदणी महत्त्वाची.

बंगळूरूत काय लागू आहे?
२०२४ मध्ये ‘नंबिके नक्षे’ (विश्वासाचा नकाशा) ही योजना सुरू झाली. ५० × ८० फुटांपर्यंतच्या भूखंडावरील घराचा नकाशा नोंदणीकृत अभियंता किंवा वास्तुविशारद तपासून ऑनलाइन सादर करतो. त्यावर तात्पुरती मंजुरी मिळते; कागदपत्रांची पडताळणी नंतर होते. सप्टेंबर २०२५ पासून शहरात पाच महानगरपालिका आहेत. आपला भूखंड कोणत्या हद्दीत येतो ते पाहून घ्या.

आपण काय करावे?
• पैसे देण्यापूर्वी नोंदणी क्रमांक आणि त्याची मुदत तपासा.
• कोऱ्या अर्जावर सही करू नका.
• मंजूर नकाशाची प्रत स्वतःजवळ ठेवा.
• बांधकामात बदल हवा असल्यास आधी सुधारित मंजुरी घ्या.

लक्षात ठेवा: सही अभियंत्याची असली, तरी नियमबाह्य बांधकामाची नोटीस घरमालक म्हणून आपल्याच नावे येते.