मूल विसरलं कोण?

सण म्हटला की घराची झाडलोट, गोडधोड आणि पाहुणेरावळे आलेच. आता त्यात टीव्हीवर लागणाऱ्या सिनेमाचीही भर पडली आहे. दुपारचं जेवण उरकलं, भांडी घासून झाली की पोराटोरांसोबत आपणही दोन घटका टेकतो. आज आम्ही अशाच एका सणाच्या सिनेमाचा इतिहास सांगणार आहोत. सण नाताळचा, देश अमेरिका आणि सिनेमाचं नाव ‘होम अलोन’, म्हणजे ‘घरी एकटा’. आपल्याकडे वसईत, अहिल्यानगर भागात नाताळ घरोघरी साजरा होतो, त्या भगिनींना तर हा सण सांगायलाच नको. सिनेमा तुमच्यापैकी कुणी पाहिला असेल, कुणी नसेल, म्हणून आधी गोष्ट सांगतो.

शिकागो शहराजवळ विनेटका नावाचं श्रीमंत वस्तीचं गाव आहे. तिथल्या मोठ्या घरात नाताळच्या सुट्टीसाठी सगळे जमलेत. दोन भाऊ, दोघी जावा आणि घरची-नात्यातली मिळून अकरा मुलं, अशी पंधरा माणसं. सकाळी सगळ्यांना विमानानं पॅरिसला जायचंय. आठ वर्षांचा केविन घरातलं शेंडेफळ. रात्री जेवताना भांडण होतं, दूध सांडतं आणि शिक्षा म्हणून आई त्याला माळ्यावरच्या खोलीत झोपायला पाठवते. रागाच्या भरात तो म्हणतो, माझं घरदारच नाहीसं होऊ दे.

रात्री वाऱ्यानं वीज जाते, गजराचं घड्याळ बंद पडतं आणि सगळ्यांना उशिरा जाग येते. मग एकच धांदल. गाडीत बसताना एक मोठी मुलगी डोकी मोजते, पण त्यात शेजारचा एक उपद्व्यापी पोरगा मोजला जातो. आकडा बरोबर भरतो. केविन माळ्यावर झोपलेलाच राहतो. विमान आभाळात गेल्यावर आईला चुटपुट लागते, काहीतरी राहिलंय खास. नवरा म्हणतो, गॅरेजचं दार लावायचं राहिलं असेल. आणि एकदम तिच्या तोंडून किंकाळी निघते, “केविन!”

इकडे केविनला वाटतं, आपलंच मागणं खरं झालं. आधी तो पलंगावर उड्या मारतो, हवं ते खातो. मग हळूहळू बाजारहाट करतो, कपडे धुतो. तेवढ्यात हॅरी आणि मार्व्ह हे दोन चोर घर फोडायला येतात आणि हा पोरगा घरभर सापळे लावतो. तापलेली दाराची मूठ, जिन्यावरून झोके घेत येणारे रंगाचे डबे, खिडकीखाली पसरलेले काचेचे गोळे. चोरांची अशी काही फजिती होते की बघणाऱ्याचं हसून हसून पोट दुखावं.

हा सिनेमा लिहिला जॉन ह्यूज यांनी. शिकागोच्या आसपासच्या घरांतल्या गोष्टी लिहिण्यात त्यांचा हातखंडा होता. आपल्या कुटुंबाच्या प्रवासाची तयारी करताना, काय काय विसरायचं नाही याची ते यादी करत होते. तेव्हा त्यांच्या मनात आलं, मूलच विसरलं तर? त्या एका विचारातून कथा जन्माला आली. दिग्दर्शन केलं ख्रिस कोलंबस यांनी आणि केविन झाला मॅकॉले कल्किन हा लहानगा नट. आधी वॉर्नर ब्रदर्स ही कंपनी पैसा घालणार होती, पण खर्च वाढायला लागल्यावर तिनं अंग काढून घेतलं आणि ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स पुढे आली. घराबाहेरचे प्रसंग विनेटकातल्या खऱ्या घरापाशी घेतले आणि आतलं बरंचसं घर एका बंद पडलेल्या शाळेच्या इमारतीत उभारलं. पाण्यानं भरलेलं तळघर तर त्या शाळेच्या पोहण्याच्या तलावात बांधलं होतं. चोरांचं ते आपटणं-धडपडणं संगणकाची करामत नव्हती. जिवावर उदार होऊन पडणारी माणसं त्यासाठी ठेवलेली होती.

१६ नोव्हेंबर १९९० रोजी सिनेमा अमेरिकेत लागला. खर्च झाला होता सुमारे १ कोटी ८० लाख डॉलर. जगभरातून मिळकत झाली सुमारे ४७ कोटी ६० लाख डॉलर. लागोपाठ बारा आठवडे तो अमेरिकेत कमाईत पहिल्या क्रमांकावर राहिला. नाताळ संपला, नवं वर्ष उजाडलं, तरी लोक रांगा लावतच होते.

समीक्षकांचं मत मात्र एक नव्हतं. शिकागोचेच नावाजलेले समीक्षक रॉजर ईबर्ट यांना पोरगा आवडला, पण आठ वर्षांचं मूल एवढे सापळे रचेल हे काही त्यांना पटलं नाही. काहींना मारझोड खटकली. चोराच्या पायात खिळा घुसतो, डोक्यावरचे केस जळतात, तोंडावर इस्त्री आदळते, आणि आपण मुलांना घेऊन त्यावर हसायचं? हा आक्षेप आजही निघतो आणि तो अगदीच उडवून लावण्यासारखा नाही. ज्यांना सिनेमा आवडतो ते म्हणतात, ही तर सर्कशीतल्या विदूषकांची मारामारी. नेहमी ज्याला सगळे दटावतात त्या लहानग्याची एकदा तरी जीत होते, यातच मजा आहे.

आता हा सिनेमा सणाचाच भाग कसा झाला ते बघू. अमेरिकेत असं आधीही घडलं होतं. १९४६ साली फ्रँक काप्रा यांचा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ हा सिनेमा आला आणि तेव्हा फारसा चालला नाही. १९७४ साली त्याचे हक्क नव्यानं नोंदवायचे राहून गेले, म्हणून टीव्हीवाल्यांना तो फुकट दाखवता येऊ लागला. दर नाताळला तो इतक्यांदा लागला की लोकांना त्याच्याशिवाय सण सुना वाटू लागला. ‘होम अलोन’मधलं कुटुंब पॅरिसमध्ये टीव्हीसमोर बसलेलं दिसतं, तेव्हा पडद्यावर हाच सिनेमा फ्रेंच भाषेत चालू असतो.

‘होम अलोन’ही त्याच वाटेनं गेला आणि अमेरिकेच्या बाहेरही पोचला. पोलंडमध्ये १९८९ साली कम्युनिस्ट राजवट गेली, पुढे खाजगी टीव्ही आला आणि पोलसॅट ही वाहिनी दर नाताळला हा सिनेमा दाखवू लागली. २०१० साली वाहिनीनं या वर्षी तो लावायचा नाही असं ठरवलं, तेव्हा हजारो प्रेक्षकांनी इंटरनेटवर ओरड केली आणि वाहिनीला तो दाखवावाच लागला. अमेरिकेची राष्ट्रीय ग्रंथसंस्था, लायब्ररी ऑफ काँग्रेस, दर वर्षी जतन करण्याजोगे पंचवीस सिनेमे निवडते. २०२३ साली त्या यादीत ‘होम अलोन’ही आला.

मैत्रिणींनो, एवढी वर्षं तोच सिनेमा बघताना प्रेक्षकांचं बघणं मात्र बदललं. जी मुलं १९९० साली केविनबरोबर पलंगावर उड्या मारत होती ती आता चाळिशीच्या पुढे गेली, आईबाप झाली. त्यातले अनेक जण सांगतात, लहानपणी आम्ही केविनला बघायचो, आता आमचा जीव त्याच्या आईत अडकतो. या आईचं नाव केट. ते काम कॅथरीन ओहारा यांनी केलं आहे.

सिनेमाचं नाव निघालं की एक वाक्य हमखास ऐकू येतं, “कसली ही आई! पोटचं पोर विसरते?” आम्ही म्हणतो, जरा हिशेब मांडू. गर्दीत केविनचं तिकीट सांडलेल्या दुधाच्या कागदांबरोबर कचऱ्यात टाकलं ते बापानं. डोकी चुकीची मोजली ती एका पुतणीनं. वीज घालवली वाऱ्यानं. घरात मोठी माणसं चार होती आणि चारही जण केविनला सोडून गेली. पण ‘विसरली’ म्हणतात ती एकटी आईच. विमानात काका तिची समजूत घालायला म्हणतो, मीसुद्धा वाचायचा चष्मा विसरलोय! या वाक्याला सगळे हसतात. त्या हसण्यात एक खरी गोष्टही आहे. पोर घरी राहिलं हे आईला काळीज फाटल्यासारखं झालं, दुसऱ्याला ते चष्म्यासारखं वाटू शकलं.

पुढे काय होतं तेही बघा. पॅरिसहून ती गावच्या पोलिसांना फोन करते तर तिचा फोन या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. एक पोलीस येऊन दार ठोठावतो, केविन घाबरून लपतो, आणि पोलीस परत जाऊन म्हणतो, घर ठीक आहे, त्यांना म्हणावं पोरं पुन्हा मोजा. बाकीचं कुटुंब पॅरिसमधल्या भावाच्या घरी जातं. केट विमानतळावरच थांबते. एका जागेसाठी ती कानातले डूल, घड्याळ, रोख पैसे असं सगळं एका म्हाताऱ्या जोडप्यापुढे धरते. तिथून डॅलस, तिथून स्क्रँटन, आणि तिथे पुढचं विमानच नाही. शेवटी पोल्का वाजवणाऱ्या वादकांच्या भाड्याच्या गाडीत बसून ती रात्रभर प्रवास करते. मी वाईट आई आहे, असं ती त्या अनोळखी माणसांपुढे बोलून दाखवते. त्यांचा म्होरक्या, जॉन कँडी हा गुबगुबीत विनोदी नट, तिला धीर देतो की आम्हीही कामापायी महिनोन्‌महिने पोरांपासून लांब असतो, माझं पोर तर मी एकदा प्रेत ठेवतात त्या जागी विसरून आलो होतो. नाताळच्या सकाळी ती घरी पोचते. आणि काही क्षणांतच बाकीची वरात दारात! ते सगळे निवांत झोपून पुढच्या विमानानं आलेले असतात. तिनं जिवाचं रान केलं नसतं तरी ती त्याच वेळी पोचली असती. प्रेक्षक इथेही हसतात. पण कुठल्या आईला तिथे बसून राहवलं असतं?

याच सिनेमात शेजारचा म्हातारा मार्ली आहे. इंग्रजी वाचणाऱ्यांना या नावानं चार्ल्स डिकन्स यांच्या १८४३ सालच्या ‘अ ख्रिसमस कॅरल’ या गोष्टीतलं मार्लीचं भूत आठवतं. गल्लीतली पोरं म्हणतात, यानं आपलं कुटुंब फावड्यानं मारलं. उचलली जीभ लावली टाळ्याला! खरं म्हणजे त्याचं मुलाशी भांडण झालंय, नातीचं गाणं ऐकायला तो चोरून चर्चमध्ये येतो. चोरांच्या तावडीतून केविनला शेवटी सोडवतो तो हाच. घरच्यांनी नजरेआड केलेलं पोर आणि गल्लीनं वाळीत टाकलेला म्हातारा, दोघं एकमेकांना सांभाळतात. हे पात्र दिग्दर्शक कोलंबस यांनी कथेत घातलं, आणि आमच्या मते सिनेमाला जीव दिला तो त्यानंच.

आता सिनेमाबाहेरची एक घटना. १९९२ सालच्या नाताळात, त्याच इलिनॉय राज्यात, सेंट चार्ल्स नावाच्या गावी एक जोडपं आपल्या नऊ आणि चार वर्षांच्या मुलींना घरी ठेवून मेक्सिकोला सुट्टीवर निघून गेलं. घरातली धुराची घंटा वाजली, पोरी घाबरून शेजाऱ्यांकडे धावल्या, तेव्हा सगळं उघडकीला आलं. जोडपं शिकागोला परतल्याबरोबर पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतलं. वर्तमानपत्रांनी त्यांना ‘होम अलोन’ आईबाप असंच नाव दिलं. पडद्यावर पोट धरून हसवणारी गोष्ट खऱ्या घरात हसण्यासारखी नव्हती. त्यानंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला त्याच्या सुरक्षिततेचा विचार न करता वाजवीपेक्षा जास्त वेळ एकटं ठेवणं म्हणजे त्याची हेळसांड, असं इलिनॉयच्या कायद्यात आलं.

कायदा हवाच. पण तो वाचताना आम्हाला सुट्टीवर गेलेलं जोडपं जसं दिसतं तशी कामावर गेलेली बाईही दिसते. विसरणं वेगळं, मजेसाठी टाकून जाणं वेगळं आणि पोटासाठी ठेवून जावं लागणं वेगळं. आपल्याकडे पहाटे खुरपणीला जाणारी, कोयता घेऊन ऊसतोडीला जाणारी बाई पोराला विसरत नाही. ती त्याला थोरल्या बहिणीच्या हवाली करते, म्हातारीच्या भरवशावर ठेवते, नाहीतर फडात झाडाला झोळी बांधते. त्या पोराला विंचू चावला, ते विहिरीकडे गेलं, तर गाव तेच विचारतं, “आई कुठे होती?” बाप कुठे होता, अंगणवाडी किती वाजता बंद झाली, फडावर पाळणाघर का नव्हतं, हे विचारायला कुणाला सुचत नाही.

म्हणून एक सुचवतो. नाताळच्या सुट्टीत हा सिनेमा कुठे लागला तर पोरांसोबत जरूर बघा, चोरांच्या फजितीला पोटभर हसा. आणि गटाच्या पुढच्या बैठकीत, बचतीचा हिशेब झाल्यावर, दोन गोष्टी बोलून घ्या. आपल्या वस्तीत दिवसा एकटी राहणारी मुलं किती आणि कुणाची? आणि त्यांच्याकडे पाळीपाळीनं लक्ष ठेवायला दारावर कोण कोण असतं? त्यात एखादा मार्लीसारखा म्हातारा किंवा म्हातारीही निघेल. काय ठरलं ते आम्हाला कळवा, पुढच्या कार्यक्रमात वाचून दाखवू.